इंजिनाला हवा, गावाला आवाज

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईतली गाडी वडखळच्या कोंडीला वळसा घालून तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हा उरलेले अंतरही आटले. पर्यटन वाढले, बंगल्यांना गिऱ्हाईक मिळाले, खानावळी चालल्या. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र या गाड्यांत शनिवार-रविवारी काही गाड्या अशा असतात, की त्या दिसण्याआधी अर्धा किलोमीटर ऐकू येतात. कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा त्या अशा नव्हत्या. हजारो, कधी लाखो रुपये खर्चून त्यांना अशा केलेले असते, आणि त्या खर्चाची सुरुवात बहुधा इंजिनाच्या नाकापासून होते. एअर फिल्टर, त्यामागची नळी आणि इनटेक मॅनिफोल्ड. गॅरेजवाला सांगतो, ‘इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ताकद वाढते.’

हे वाक्य खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजायला थोडे विज्ञान लागते.

चार फटक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाएवढी हवा आत घेते. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला साधारण ६,००० लिटर, म्हणजे सेकंदाला शंभर लिटर हवा ओढते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन ६,५०० फेऱ्यांवर दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास एकटे घेते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. अडचण असते ती ते जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची. म्हणून ताकद वाढवण्याची प्रत्येक युक्ती शेवटी जास्त हवा कोंबण्याचीच युक्ती असते.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे हवेची एक पेटी आणि तिच्यातून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या. दिसायला साधी वस्तू, पण तिची लांबी-रुंदी ठरवायला अभियंत्यांची वर्षे जातात. सिलिंडरची झडप बंद होते, तेव्हा वेगाने येणारी हवा तिच्यावर आपटते आणि दाबाची लाट उलटी मागे जाते. पेटीपर्यंत जाऊन ती परत फिरते. ती परत येण्याची वेळ आणि झडप पुन्हा उघडण्याची वेळ जुळली, तर जास्तीची हवा फुकटात आत ढकलली जाते. लाटेचा वेग ध्वनीचाच असतो, म्हणून नळी किती लांब यावर ही जुळणी कोणत्या फेऱ्यांना होणार ते ठरते. लांब नळी कमी फेऱ्यांना साथ देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. बासरी आखूड केली की सूर चढतो, तसेच हे आहे. आणि एकाच बासरीतून सगळी सप्तके सारख्याच जोमाने निघत नाहीत, तसेच एकच मॅनिफोल्ड सगळ्या वेगांना सारखा लाभत नाही.

याचा उत्तम दाखला फोर्ड कंपनीनेच दिला आहे. २०१२ च्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे इंजिन ४१२ अश्वशक्तीचे होते. त्याच वर्षीच्या ‘बॉस ३०२’ या आवृत्तीत आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवला, सिलिंडर हेड नव्याने कोरले, कॅमशाफ्ट बदलले. ताकद ४४४ झाली. बत्तीस अश्वशक्ती वाढल्या, पण टॉर्क मात्र कमी झाला. ५२९ न्यूटन-मीटरवरून सुमारे ५१५ वर आला. वाढलेली ताकद हाती येते ती मिनिटाला सातएक हजार फेऱ्यांच्या वर. तिथवर पोहोचलेली अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ताशी शंभरी ओलांडते. एका मोठ्या कंपनीने तीन-तीन भाग बदलून, प्रयोगशाळेत तासन्‌तास इंजिन चालवून हे मिळवले. फक्त फिल्टर आणि मॅनिफोल्ड बदलून गॅरेजमध्ये किती मिळत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

आता हा हिशेब अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर मांडून पाहावा. सतराएक किलोमीटरचा हा रस्ता आक्षी, नागाव, चौल अशा गावांच्या अंगणांतून जातो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीचा गडगा थेट डांबराला टेकलेला, वळणापलीकडचे दिसत नाही. दुकान, शाळा, देऊळ, सायकलवरचे पोर, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला, चालकाची दीड सेकंदाची प्रतिक्रिया धरून, साधारण ४५ मीटर घेते. ८० ला तेच अंतर ७० मीटरच्या घरात जाते. पावसात आणखी वाढते. नागावच्या वळणावर समोरचे ७० मीटर दिसतच नाहीत. सात हजार फेऱ्यांना फुलणारी ताकद या रस्त्यावर कुठे वापरणार? वापरली तर अपघात, आणि नाही वापरली तर केवळ गॅरेजचे बिल.

किनाऱ्याची हवाही या हौसेला फारशी अनुकूल नाही. समुद्रसपाटीवर हवा दाट असते, हा फायदा खरा. पण मे महिन्यात तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर हवेतला जवळजवळ चार टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा असतो आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. १५ अंशांच्या थंड हवेच्या तुलनेत तापलेली हवा आणखी सहा टक्के विरळ असते. म्हणजे मॅनिफोल्डने कमावलेले बरेचसे नागावच्या दमट दुपारी परत जाते. त्यात बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवला असेल, तर तो इंजिनावरची तापलेलीच हवा ओढतो. थंड हवेसाठी फिल्टर खाली बंपरजवळ नेला, तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून इंजिनच पाणी पिते. पाणी दाबले जात नाही; पिस्टनचा दांडा वाकतो. काशीद-मुरूडच्या पुळणीवर गाडी घालणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच. उघड्या फिल्टरमधून सुटलेली बारीक वाळू सिलिंडरच्या भिंतीवर कानशीसारखी चालते, खारे तुषार हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर बसतात. गाडी वाळूत रुतली की ती ओढायला गावातलेच ट्रॅक्टर येतात.

एवढ्यावर थांबले असते, तर हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. पण हवा आत घेण्याची वाट ही आवाज अडवण्याचीही वाट असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कारखान्यातली एअर फिल्टरची बंद पेटी आणि तिला जोडलेले पोकळ कप्पे इंजिनाच्या श्वासाचा घरघराट गिळण्यासाठी ठेवलेले असतात. ते काढून उघडा फिल्टर लावला की तो आवाज थेट बाहेर पडतो. अनेकांना खरी खरेदी त्या आवाजाचीच करायची असते. ताकद वाढल्याचा भास कानाला होतो आणि घड्याळ काही वेगळेच सांगते.

हा आवाज ज्यांनी विकत घेतलेला नाही, त्यांच्या शरीराचे काय होते? झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. अचानक मोठा आवाज आला की माणूस जागा झाला नाही तरी नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ताणाची संप्रेरके स्रवतात, गाढ झोप उथळ होते. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. फक्त थकवा असतो. वर्षानुवर्षे हे चालले तर रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, याचे पुरावे आता भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी दिवस-रात्रीची भारित सरासरी ५३ डेसिबलच्या आत आणि रात्रीची ४५ च्या आत राखावी, अशी शिफारस केली. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हीच मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा.

४५ हा आकडा किती लहान आहे, ते एका साध्या गणिताने कळते. समजा, रस्त्यालगतच्या घरापाशी एक गाडी पाच सेकंद ८५ डेसिबलचा आवाज करून गेली आणि उरलेला तास पूर्ण शांत गेला. तरी त्या तासाची सरासरी ५६ डेसिबलच्या वर जाते. एका गाडीने, पाच सेकंदांत. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. बाळंतीण, दम्याचा रुग्ण, पहाटे तीनला होडी घेऊन निघणारा कोळी यांच्या रात्रीचे हे गणित आहे. रुग्णालये, शाळा यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा कायद्याने शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे रात्रीची मर्यादा ४० आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय भर गावात आहे.

धुराचा भाग आवाजाइतका जाणवत नाही, म्हणून तो जास्त घातक. एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी जवळ मिश्रण असेल तरच धुरातले विष निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. मॅनिफोल्ड बदलल्यावर इंजिनाच्या संगणकातली गणिते बदलावी लागतात, आणि ताकदीसाठी मिश्रण १३ किंवा त्याहून खाली, म्हणजे पेट्रोलकडे झुकवले जाते. मग न जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. कित्येकदा कन्व्हर्टरच ‘अडथळा’ म्हणून कापून टाकला जातो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. इंजिनाला मिळालेल्या जास्तीच्या प्राणवायूची भरपाई अशी कोणाच्या तरी रक्तातून होते. शनिवारी संध्याकाळी चौल नाक्यावर गाड्या खोळंबतात, तेव्हा त्या धुरात उभा असतो तो वाहतूक पोलीस आणि शहाळी विकणारा.

कायदा अपुरा आहे, असे म्हणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना रद्द. एवढे सगळे पुस्तकात आहे.

प्रत्यक्षात पोलीस बुलेटचे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. ते चांगलेच आहे. पण सायलेन्सर बाहेर दिसतो, मॅनिफोल्ड बॉनेटखाली असतो. पन्नास लाखांच्या गाडीचे बॉनेट उघडायला सांगणे आणि वीसवर्षीय पोराची बुलेट अडवणे, यांतले कोणते काम हवालदाराला सोपे वाटते, हे सांगायला नको. पीयूसी चाचणी उभ्या गाडीवर होते. पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर मिश्रण किती बदलते, ते तिला कळत नाही. आवाज तर ती मोजतच नाही. हातात पीयूसीचा कागद असलेली गाडी कायदेशीर ठरते आणि तिच्यामागे नागावच्या आळीतली कुत्री भुंकत राहतात.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी ट्राम अडवल्या नाहीत. यंत्रांच्या गोंगाटापासून दूर जागा शोधली. ती मिळाली अलिबागला. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळवून पाहिल्या आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम अलिबागला हलले. ट्राम १९०७ मध्ये धावल्या. चुंबकीय सुया हलवता आल्या. आक्षी-नागावची माणसे हलवता येणार नाहीत, आणि विज्ञानाने शांततेसाठी निवडलेल्या या तालुक्याला आता यंत्रांपासून दूर असे काही उरलेले नाही.

वेगाची हौस हा गुन्हा नव्हे. ज्यांना सात हजार फेऱ्यांचा आनंद घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइम्बतूरला बंद धावमार्ग आहेत. तिथे मॅनिफोल्ड बदलण्याला अर्थही आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र तपासणीच हवी, आणि ती रायगडात इतर जिल्ह्यांपेक्षा सोपी आहे. कारण रो-रोच्या रांगेत गाडी काही काळ उभीच असते, इंजिन बंद असते, मालक जवळच असतो. परिवहन निरीक्षकाला बॉनेट उघडून नोंदणीशी ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात. एक ध्वनिमापक लागतो, ठरलेल्या अंतरावरून इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर चालवून आवाज मोजता येतो. असे तपासणीचे पथक शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर उभे करायचे की मांडव्याच्या जेटीवर, एवढे मुंबई आणि पेणच्या परिवहन कार्यालयांनी आपसांत ठरवायचे आहे.