विश्लेषण : दुकानाचे नाव नोंदवले म्हणजे ते तुमचे झाले का?

नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याच्या हाती पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच तीन-चार प्रमाणपत्रे येतात. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक. प्रत्येक कागदावर व्यवसायाचे नाव छापलेले असते आणि त्यामुळे ‘नाव पक्के झाले’ असा समज होतो. प्रत्यक्षात यातील एकही कागद त्या नावाची मालकी देत नाही. हे अनेकांना कळते ते पाटी लागल्यावर, पिशव्या-खोकी छापून झाल्यावर आणि वकिलाची नोटीस हाती पडल्यावर. दोष एकट्या व्यावसायिकाचा नाही. नाव लिहून घेणारी यंत्रणा आणि नावाला संरक्षण देणारी यंत्रणा वेगवेगळ्या आहेत, हे त्याला वेळेत सांगितलेच जात नाही.

पुण्यातील वादातून काय दिसते?

पुण्यात १९९२ पासून ‘बर्गर किंग’ नावाचे उपाहारगृह चालते. याच नावाच्या अमेरिकी कंपनीने भारतात पहिले दुकान उघडले ते २०१४ मध्ये. मात्र तिच्याकडे या नावाचे भारतीय ट्रेडमार्क आधीपासून होते. त्या बळावर तिने २०११ मध्ये पुण्यातील उपाहारगृहाविरुद्ध दावा दाखल केला. २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्यातील उपाहारगृहाला नाव वापरण्यास मनाई केली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. कायदा कोणाच्या बाजूने, हा वेगळा प्रश्न. पण एका नावासाठी एका स्थानिक व्यावसायिकाला दशकाहून अधिक काळ कोर्टाची पायरी चढावी लागली. एवढा काळ लढण्याची ऐपत किती दुकानदारांची असते?

कोणती नोंदणी नेमके काय देते?

गुमास्ता किंवा ‘शॉप अ‍ॅक्ट’ हा मुळात कामगारांशी संबंधित कायदा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१७ चा कायदा लागू आहे. कामाचे तास, सुट्ट्या, कर्मचाऱ्यांची संख्या हा त्याचा विषय. कर्मचारी कमी असतील तर नोंदणीही लागत नाही, केवळ सूचना देऊन पावती मिळते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी मोफत आहे. ती सूक्ष्म, लघू किंवा मध्यम उद्योग असल्याची ओळख देते. जीएसटी हा कराचा विषय.

संगणकाच्या भाषेत सांगायचे तर उद्यम आणि जीएसटीच्या डेटाबेसमध्ये व्यवसायाची ओळख पॅन क्रमांकावरून ठरते. नाव हा फक्त भरायचा एक रकाना असतो. म्हणूनच ‘साई एंटरप्रायझेस’ नावाचे कितीही व्यवसाय तिथे सुखेनैव नांदू शकतात. भागीदारी संस्थेची १९३२ च्या कायद्याखालील नोंदणीही नावाची मालकी देत नाही. तिचा मोठा उपयोग म्हणजे करारातील हक्कांसाठी संस्थेला दावा लावता येतो.

कंपनीचे नाव मंजूर झाले तर?

इथे छाननी कडक असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ‘स्पाइस प्लस’ अर्जात एक हजार रुपये शुल्क भरून दोन नावे सुचवता येतात. मंजूर नाव २० दिवस राखीव राहते. जादा शुल्क भरून मुदत वाढवता येते. आधीच्या कंपनीच्या नावात केवळ अनेकवचन करून, शब्दांमधली जागा बदलून किंवा स्पेलिंग फिरवून नवे नाव मिळत नाही. ‘बँक’, ‘विमा’ यांसारख्या शब्दांसाठी संबंधित नियामकाची, तर ‘नॅशनल’, ‘कमिशन’ यांसारख्या शब्दांसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी मिळतेजुळते नावही नियमानुसार नाकारले जाते.

तरीही ही मंजुरी अंतिम नव्हे. कंपनी कायद्याच्या कलम १६ नुसार नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांत तक्रार करू शकतो. नाव बदलण्याचा आदेश निघाला आणि तीन महिन्यांत तो पाळला नाही, तर सरकारच नवे नाव देते. ते कसे? ‘आदेश पाळला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे, वर्ष आणि क्रमांक असे! असे नाव घेऊन बाजारात कोण उभे राहणार?

न्यायालयांचा कलही हाच आहे. ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ ही रीतसर नोंदवलेली कंपनी होती. पण ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ने तिच्या नावाला आक्षेप घेतला आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाव वापरण्यावरील अंतरिम मनाई कायम ठेवली.

मग मालकी कशाने मिळते?

दोन गोष्टींनी : ट्रेडमार्क आणि प्रत्यक्ष वापर. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग केलेले आहेत. मसाले ३० व्या वर्गात, कपडे २५ व्या, तर उपाहारगृह ४३ व्या. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघू उद्योगांसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,००० रुपये आहे. छाननीनंतर अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणारा अगदीच उघड्यावर नसतो. अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन कलर लॅब’ या फोटो स्टुडिओला २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पासिंग ऑफ’ म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला धंदा खपवण्याच्या तत्त्वाखाली संरक्षण दिले. पण त्यासाठी वापर सिद्ध करावा लागतो. पहिली बिले, जाहिराती, पाटीचे तारखेसह फोटो जपून ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

नाव निवडताना काय पाहावे?

सगळ्यात सोपे नाव बहुधा सगळ्यात कमकुवत असते. ‘शुद्ध तूप भांडार’ किंवा ‘कोल्हापुरी मिसळ’ ही नावे गिऱ्हाइकाला लगेच कळतात. पण ती मालाचे किंवा गावाचे वर्णन करतात, त्यामुळे त्यांवर एकट्याचा हक्क सांगणे अवघड. आडनावाचेही तसेच. प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरण्याची मुभा कायद्यात आहे, मात्र त्याच आडनावाची प्रसिद्ध पेढी त्याच धंद्यात असेल तर वाद अटळ. मालाशी थेट संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सुरुवातीला परका वाटतो, पण टिकतो.

मराठी नावांची आणखी एक अडचण म्हणजे रोमन स्पेलिंग. एकट्या ‘श्री’चीच तीन-चार स्पेलिंगे प्रचारात आहेत. ट्रेडमार्कच्या मोफत ऑनलाइन शोधात ती सगळी टाकून पाहायला हवीत. हा शोध पाटी रंगवण्याच्या आधी घ्यायचा, नंतर नाही. महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरी नाव ठळक असणे सक्तीचे आहे, हेही बोधचिन्ह ठरवतानाच लक्षात घ्यावे.

सरकारने काय करावे?

पाट्या मराठीत असाव्यात म्हणून सरकारने कायदा केला, अंमलबजावणीसाठी निरीक्षक पाठवले. त्या पाटीवरचे नाव टिकावे म्हणून मात्र दोन साध्या गोष्टीही झालेल्या नाहीत. पहिली, गुमास्ता आणि उद्यमच्या प्रमाणपत्रावर ठळक मराठीत एक ओळ हवी : ‘या नोंदणीमुळे नावावर हक्क मिळत नाही.’ दुसरी, नावाचा रकाना भरताच ट्रेडमार्क आणि कंपन्यांच्या यादीतील मिळतीजुळती नावे पडद्यावर दिसावीत. अर्ज अडवू नये, फक्त इशारा द्यावा. दोन्ही याद्या सरकारच्याच आहेत आणि ऑनलाइन आहेत. त्या जोडणे अशक्य नाही.

मोठ्या कंपनीकडे हे काम करायला वकिलांची फौज असते. वडापावची गाडी सोडून पहिला गाळा घेणाऱ्याकडे असतो तो फक्त पोर्टलवरचा अर्ज. त्या अर्जाने त्याला खरे सांगितले पाहिजे. तोवर चार-पाच हजारांचा ट्रेडमार्क अर्ज हा ‘धंदा वाढल्यावर बघू’ असा खर्च समजू नये. गाळ्याच्या अनामत रकमेइतकाच तो पहिल्या दिवसाचा खर्च आहे.