गाडी जुनी, इंजिन दुसरे

रात्रीची जेवणे आटोपली की जोगेश्वरीतील अनेक घरांत मोबाइलच्या पडद्यावर जुन्या मोटारींचा बाजार भरतो. इंजिन बंद पण सांगाडा ठणठणीत असलेली पद्मिनी, इसुझूचे इंजिन असलेली कंटेसा, क्वचित एखादी स्टँडर्ड २०००. ज्याच्या इमारतीत स्कूटर उभी करण्याचीही पंचाईत, असा गृहस्थदेखील एकेक छायाचित्र मोठे करून गंज न्याहाळतो. पाहण्यास पैसे पडत नाहीत; प्रश्न येतो तो बयाणा देताना.

पद्मिनीविषयी मुंबईकरांना वाटणारा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. ती कुर्ल्याची. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे याच कंपनीने कुर्ल्यात फियाट ११०० तयार केली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने धावू लागली. १०८९ सीसीचे लहानसे इंजिन आणि स्टिअरिंगलगतचा गिअर, एवढ्यावर तिने दोन पिढ्यांचे संसार वाहिले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातील शेवटच्या पद्मिनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला आणि तेव्हापासून खासगी पद्मिनीकडे हौशी मंडळींची नजर अधिकच वळली.

एका गाडीत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसविणे हा गॅरेजवाल्यांचा उपद्व्याप आहे, असा समज असतो. आपल्याकडे मात्र कारखान्यांनीच तो मनसोक्त केला. प्रीमियरची ११८ एनई घ्या: सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन निस्सानचे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये ब्रिटिश रोव्हरची देखणी बॉडी आणली आणि आत दोन लिटरचे, कित्येक वर्षांपूर्वीच्या घडणीचे इंजिन ठेवले. रूप राजाचे, दम कारकुनाचा! गाडी पेट्रोल भरपूर पीत असे आणि १९८८ पर्यंत तिचा कारभार आटोपला. कंटेसा प्रथम अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनावर चालत होती. नंतर हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच तिला इसुझूचे १.८ लिटर इंजिन दिले.

खरी मेख येथेच आहे. इसुझूचे इंजिन असलेल्या दोन कंटेसा शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर एकीत ते कारखान्यात बसलेले असेल आणि दुसरीत पंधरा वर्षांनी एखाद्या गॅरेजात. बॉनेट उघडून फरक कळेलच असे नाही. तो कळतो आरसी बुकातील इंजिन क्रमांक आणि सीसी यांवरून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील ते वेगळेच.

शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. परंतु अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पद्मिनीचे कुरकुरणारे मूळ इंजिन भंगारात घालून नवे, चपळ इंजिन बसविणारा मालक मुलाच्या वाट्याची ही संधीही भंगारात घालतो. मूळ इंजिन दुरुस्त करणे अनेकदा महाग पडते हे खरे, पण ते पैसे वाया जात नाहीत.

आणखी एक नोंद हौशी ग्राहक हमखास विसरतो: आरसी बुकातील बँकेचा बोजा. मूळ मालकाने कर्ज केव्हाच फेडलेले असते, फॉर्म ३५ मात्र आरटीओकडे दिलेलाच नसतो. बुकात नाव देना बँकेचे असेल, तर ती बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. ना-हरकत आता तेथून मिळवायची, आणि त्या कर्जाचे जुने खाते शोधून काढायचे. हे काम विक्रेत्याकडून पुरे करून घ्यावे, बयाणा त्यानंतर.