सुट्टीत मुलांना जुन्या बाजारात न्या



वार्षिक परीक्षा संपली की पुण्यात दोन प्रकारचे फलक दिसू लागतात. एक आंब्यांचे आणि दुसरे उन्हाळी शिबिरांचे. दहा दिवसांत पोहणं, पंधरा दिवसांत अबॅकस, आठवड्यात व्यक्तिमत्त्व विकास. (आठवड्यात कुणाचं व्यक्तिमत्त्व विकसित झालेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही, पण ते असो.) शिबिरांना माझा विरोध नाही. आईवडील दोघंही नोकरीला जात असतील तर मूल कुठेतरी सुरक्षित राहायला हवंच. पण ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यांची सुट्टी टीव्हीसमोर जाते, आणि जे फी भरतात त्यांची एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये. आपलं शहर दोघांनाही दिसत नाही.

म्हणून माझं एक सांगणं आहे. या सुट्टीत निदान एकदा मुलांना जुन्या बाजारात न्या. फोटो काढायला नाही, सहल म्हणूनही नाही. गिऱ्हाईक म्हणून न्या.

पुण्यातला जुना बाजार मंगळवार पेठेजवळ दर बुधवारी आणि रविवारी भरतो. दुकानं अशी फारशी नाहीतच, जमिनीवर पथाऱ्या. एका पथारीवर पान्हे, करवती, नळाच्या तोट्या. शेजारी जुने रेडिओ आणि चार्जरचा गुंता. पुढे पितळी तांबे, कंदील, कुलपं, नाणी. मग चपला, बूट आणि कपड्यांचे ढीग. ऊन चढायच्या आत जावं, डोक्याला टोपी आणि सोबत पाण्याची बाटली असावी.

तिथे गेल्यावर मुलांच्या हातात शंभर रुपये द्या आणि सांगा, घरात खरोखर लागणारी एक वस्तू घेऊन ये. बस, एवढंच. मग गंमत बघा. कुलूप घ्यायचं तर किल्ली चार वेळा फिरवून बघावी लागते. कात्री घ्यायची तर कापडाच्या चिंधीवर चालवून बघावी, कागदावर कुठलीही कात्री चालते. घड्याळ चालू दिसलं तरी पाच मिनिटं थांबून आपल्या घड्याळाशी ताडून घ्यावं. मोबाइलवर वस्तू मागवताना आपण दुसऱ्यांनी दिलेले तारे मोजतो. इथे स्वतःचे डोळे आणि बोटं वापरावी लागतात. विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही ज्याला निरीक्षण म्हणतो ते दुसरं काय असतं?

भाषेच्या शिक्षकाला तर हा बाजार म्हणजे पर्वणीच. चंबू, घंगाळ, बंब, अडकित्ता, फिरकीचा तांब्या, शेर आणि पायलीची मापं. 'घंगाळ म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं' असा अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देतो, मुलं तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. एकदा ते दोन्ही कानांना धरून उचलायचा प्रयत्न केला की शब्द आयुष्यभर जात नाही. नाण्यांच्या पथारीवर तर गणितही आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. व्यवहारातून आणे गेले, पण 'सोळा आणे खरं' आपण अजून म्हणतोच. एक सावधगिरी मात्र हवी. शिवराई म्हणून दाखवलं जाणारं प्रत्येक तांब्याचं नाणं शिवकाळातलं नसतं. शिवराई नंतरही पुष्कळ काळ पाडली जात होती. आणि काही नाणी तर त्याहूनही ताजी असतात!

कपड्यांच्या ढिगाजवळ आल्यावर बऱ्याच पालकांचा पाय मागे सरतो. 'शी, कुणाचे घातलेले कोण जाणे!' अहो, ते आपलेच असतात की! दुपारी दारावर बोहारीण येते. चार पँटी, दोन साड्या घेऊन स्टीलचा डबा देते. तो डबा आपण कौतुकाने शेजारणीला दाखवतो. पुढे त्या पँटीचं काय होतं ते बघत नाही. कुणीतरी ती धुतं, उसवलेलं शिवतं, चेन बदलतं, इस्त्री करतं आणि अशा बाजारात मांडतं. एका पँटीवर किती हातांची मेहनत असते बघा. एका सुती टी-शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण अडीच हजार लिटरहून जास्त पाणी लागतं असा अंदाज आहे. उन्हाळ्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर आला की मुलांना भागाकार घालून द्या. एका टँकरमध्ये चार टी-शर्टही नीट बसत नाहीत.

पण पाण्याच्या हिशेबासाठी मी हे लिहायला घेतलेलं नाही. मला बोलायचंय ते वर्गातल्या एका हसण्याबद्दल.

जून महिन्यात हे हसू हमखास ऐकू येतं. एखाद्या मुलीच्या गणवेशाच्या बाह्या लांब असतात, मोठ्या बहिणीचा असतो तो. एखाद्या मुलाच्या दप्तरावर दुसऱ्याच कुणाचं नाव खोडलेलं दिसतं. मागच्या बाकावरून कुजबुज होते आणि ते मूल दिवसभर बाही दुमडत, दप्तर पायाने आत सारत बसतं. गणिताचा तास, मराठीचा तास, सगळे त्याच्या डोक्यावरून जातात. हसणारी मुलं वाईट नसतात. 'जुनं कशाला घ्यायचं, लोक काय म्हणतील?' हे वाक्य ती घरून घेऊन येतात. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की जुनं वापरणं म्हणजे गरिबी आणि गरिबी म्हणजे लाज. जोवर जुन्या वस्तू फक्त नाइलाजाने घेतल्या जातात तोवर ही लाज तशीच राहणार. वर्गात डॉक्टरांच्या मुलाकडेही जुनं पुस्तक असेल आणि इंजिनिअरची मुलगीही चुलत बहिणीचा गणवेश घालून येत असेल, तर कुणी कुणाला हसायचं? म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी आधी जुनं घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं तर ही लाज आपल्या घरातली नाहीच, ती अलीकडे आली. आपल्याकडे बाळ जन्माला आलं की त्याला आधी आजीच्या मऊ जुनेरात गुंडाळायचे. नवं कापड त्याच्या अंगाला टोचतं म्हणून. त्याची गोधडी जुन्या लुगड्यांची. आजीच्या पाटल्या, आईची पैठणी आपण मिरवतो. त्यांना कुणी 'सेकंडहँड' म्हणत नाही. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात 1848 सालची. तिथलं पुस्तक किती हातांतून आलेलं असेल ते सांगता येत नाही, तरी आपण ते मानाने घरी आणतो. मग दप्तराने काय घोडं मारलंय?

आता दुसरी बाजूही बघू. जुन्या बाजारात जाणारे सगळेच शहाण्यासारखे वागतात असं नाही. हल्ली कंदील, पितळी कुलूप, जुना फोन यांना 'व्हिंटेज' म्हणायची पद्धत आली आहे. कॅफेत टांगायला म्हणून कुणी दहा कंदील एकदम उचलतं आणि भाव चढतो. ज्याला खरंच पान्हा हवाय तो प्लंबर बाजूला उभा राहतो आणि पथारीवाला कॅमेऱ्यासमोर. म्हणून वर म्हटलं, लागणारी एकच वस्तू घ्या. घासाघीस करावी, तो बाजाराचा भागच आहे, पण तिला शेवट असावा. सकाळी अकरा वाजले तरी ज्याची भवानी झालेली नाही त्याच्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणं, आणि संध्याकाळी मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणं, हे मुलं बघत असतात.

काही वस्तू जुन्या घेऊच नयेत. हेल्मेट घेऊ नये. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसतं पण आतून कामातून गेलेलं असतं. वायर सोललेली विजेची उपकरणं घेऊ नयेत. आणि बिलाशिवाय मोबाइल तर मुळीच नको. कुणाचा तरी चोरलेला असू शकतो. फोनवर *#06# दाबलं की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो, आणि तो सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तपासता येतो. वस्तू स्वस्त का मिळतेय हा प्रश्न मुलांनी विचारायला शिकलं तर मला आवडेल.

बाजार बघून झाला की दुसऱ्या एखाद्या दिवशी मुलांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाजार, मग संग्रहालय. चष्म्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेमहाराजांचे हिरे नव्हेत. दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, दौती, कळसूत्री बाहुल्या. घरात अडगळ झालेल्या, कुणी मोडीत घातल्या असत्या अशा वस्तू. त्या आज वीस हजारांहून जास्त आहेत. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि हे सगळं सरकारला देऊन टाकलं. रविवारी जे कुलूप मुलांनी हातात घेऊन फिरवलं, तसंच एखादं काचेपलीकडे दिसलं की ती कशी बघतात ते तुम्हीच पाहा.

मंडई तर फुकटात बघायला मिळते. आंबे घ्यायला आपण जातोच, पण मान वर करून त्या अष्टकोनी इमारतीकडे बघत नाही. ब्रिटिश काळात ती बांधली गेली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली गेली. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मुलांना विचारा, हे फुल्यांना आवडलं असतं का? माझ्या अनुभवात सातवीतली मुलं यावर तासभर भांडू शकतात. भांडताना तोंडी लावायला बाहेर करवंदं विकणाऱ्या मावशींकडून एक द्रोण घ्या. करवंद दाताने तोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी. हा खेळ माहीत नसलेलं मूल पुण्यात आहे याचं मला जास्त वाईट वाटतं.

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना एखाद्या संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेला घेऊन जा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली ही व्याख्यानमाला दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत असते. सगळं कळेलच असं नाही, आणि कंटाळा आला तर मध्येच उठून यावं, त्यात काही बिघडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीही लोक उकाड्यात संध्याकाळी कुणाचं तरी ऐकायला जमत होते, एवढं कळलं तरी पुरे.

शेवटचा मुद्दा पुस्तकांचा. मे संपत आला की अप्पा बळवंत चौकात जुन्या पाठ्यपुस्तकांची शोधाशोध सुरू होते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, पण नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. काही खासगी शाळा तर सगळा संच आपल्याकडूनच नवा घ्यायला लावतात, मग घरात थोरल्याची तीच पुस्तकं कोरी करकरीत का पडलेली असेनात. पालकांनी सभेत याबद्दल विचारायला हवं, एकट्याने नको, दहाजणांनी मिळून. मध्यंतरी, 2023 मध्ये, पाठ्यपुस्तकातच लिहिण्यासाठी कोरी पानं जोडण्याचा प्रयोग राज्यात झाला आणि दोन वर्षांत तो मागेही घेतला गेला. दप्तराचं ओझं कमी करण्याचा हेतू चांगला होता, पण ज्या पुस्तकात एकाने वर्षभर लिहिलं ते दुसऱ्याला काय उपयोगाचं? अभ्यासक्रम बदलतात तेव्हा जुनं पुस्तक चालत नाही हेही खरं आहे, त्यामुळे घेण्याआधी पहिल्या पानांवरचं आवृत्तीचं वर्ष बघून घ्या.

आमच्यासारख्या शिक्षकांना यात एक सोपं काम करता येतं. निकालाच्या दिवशीच वर्गात एक टेबल ठेवायचं. ज्याला देता येतील त्याने पुस्तकं, दप्तर, कंपासपेटी तिथे ठेवायची. ज्याला हवी त्याने न विचारता उचलायची. यादी नाही, नावं पुकारणं नाही, फोटो तर नाहीच नाही. पहिली वस्तू शिक्षकांनी स्वतःच्या मुलासाठी सगळ्यांसमोर उचलावी.

निकाल लागून गेला असेल तर अजून शाळा उघडायला दिवस आहेत. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मुलांना घेऊन बसा. पेन्सिलीच्या खुणा खोडा, सुटलेली पानं खळीने चिकटवा, वह्यांची उरलेली कोरी पानं काढून जाड दोऱ्याने एक कच्ची वही शिवा. आणि पुस्तकावरचं आपलं नाव खोडू नका. त्याच्याखाली दुसरं नाव लिहायला जागा असतेच.