सख्खे भाऊ : एक फौजदार, एक गुन्हेगार

चलच्चित्रांचा इतिहास फ्रान्समधील ल्यॉन शहराशीं जोडलेला आहे, आणि ज्यांच्या नांवानें तो सुरू होतो ते ओगुस्त व लुई ल्युमिएर हे सख्खे भाऊ होते, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेली असेल. त्यांनीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें तिकीट लावून आपला खेळ लोकांस दाखविला. आणि तेथून सहा-सवासहा महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत एक रुपया दर ठेवून तोच चमत्कार आपल्याकडेहि आला. ल्यॉनचें व आपलें नातें असें जुनें आहे. आज ज्या चित्रपटाविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों, तोहि ल्यॉनमधील दोघां सख्ख्या भावांचाच आहे. फरक एवढाच कीं, ल्युमिएर बंधूंनीं खांद्याला खांदा लावून एकच कारखाना चालविला. या दोघांपैकीं एक पोलिसांत आहे आणि दुसरा तुरुंगांतून नुकताच सुटला आहे.

चित्रपटाचें फ्रेंच नांव ‘ले लियाँ द्यु साँ’, म्हणजे ‘रक्ताचीं नातीं’. दिग्दर्शक जाक मायो. तो २००८ सालीं फ्रान्समध्यें प्रदर्शित झाला. कथा सर्वस्वीं कल्पित नाहीं. ब्रूनो व मिशेल पापे या भावांनीं ‘दोन भाऊ : एक पोलिस, एक गुंड’ अशा अर्थाच्या नांवाचें एक आत्मकथनपर पुस्तक लिहिलें आहे, त्याच्या आधारानें पटकथा रचलेली आहे. थोरला भाऊ गाब्रिएल याची भूमिका फ्रान्स्वा क्लूझे यांनीं व धाकटा भाऊ फ्रान्स्वा याची गीयोम काने यांनीं केली आहे. काने यांनीं स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘कोणाला सांगूं नकोस’ या २००६ च्या रहस्यपटांत क्लूझे हेच नायक होते. त्या चित्रपटाबद्दल एकास दिग्दर्शनाचें व दुसऱ्यास अभिनयाचें ‘सेझार’ पारितोषिक मिळालें होतें. तेव्हां हे दोघे समोरासमोर उभे राहतात, तेव्हां त्यांच्यांत जुनी ओळख आहे हें सांगावें लागत नाहीं.

कथेचा आरंभ गाब्रिएलच्या सुटकेपासून होतो. काळ इसवी सनाच्या १९७० नंतरच्या दशकाची अखेर. खुनाबद्दल दहा वर्षें भोगून तो बाहेर येतो. धाकटा फ्रान्स्वा फौजदार आहे, आणि चाकरींत त्याची कमान चढती आहे. थोरल्यास आपलें म्हणण्यास त्याचें मन सहजासहजीं धजत नाहीं. तरी तो पुढें होतो, त्याला आसरा देतो, त्यानें सरळ मार्गानें चार पैसे मिळवावे म्हणून खटपट करतो. गाब्रिएलहि कांहीं दिवस सरळ चालतो. त्याला नवें प्रेम लाभतें, पुन्हां संसार मांडावासा वाटतो. परंतु पहिली बायको, मुलें, पैशाची चणचण आणि जुने साथीदार या सर्वांनीं त्याची वाट अडविलेली आहे. हळूहळू पाऊल पुन्हां जुन्या वाटेवर पडतें. इकडे धाकट्याचेंहि चालणें निष्कलंक राहत नाहीं. ज्या गुंडास त्यानें स्वतः तुरुंगांत घातलें, त्याच्याच बायकोवर त्याचा जीव जडतो. शेवट काय होतो, हें आम्ही येथें सांगणार नाहीं; पाहणाराचा आनंद हिरावून घेणें हें या स्तंभाचें काम नव्हे.

तें शहर व तो काळ यांविषयीं मात्र थोडें सांगितलें पाहिजे. ऱ्होन व सोन या नद्यांच्या संगमावर वसलेलें ल्यॉन हें रेशमी वस्त्रांकरितां प्रसिद्ध. पण त्या दशकांत फ्रान्समधील लोक त्यास उपरोधानें ‘ऱ्होनवरील शिकागो’ म्हणूं लागले होते. ‘ल्यॉनवाल्यांची टोळी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या दरोडेखोरांनीं १९७१ सालीं स्ट्रासबुर्ग शहराच्या टपालकचेरीवर घातलेला दरोडा देशभर गाजला. ३ जुलै १९७५ रोजीं फ्रान्स्वा रेनो या तपासी न्यायाधीशाचा ल्यॉनमध्यें गोळ्या घालून खून झाला; त्या खुनाबद्दल कोणासहि शिक्षा झाली नाहीं. देहदंडहि त्या वेळीं कायद्यांत होता. १९८१ सालीं तो फ्रान्समध्यें रद्द झाला. अशा काळीं गुन्हेगाराचा भाऊ म्हणून पोलिसांत वावरणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनींच करावी. कचेरींत प्रत्येक सहकारी त्याच्या पाठीमागें काय बोलत असेल, हें त्याला न ऐकतांच कळत असणार.

तथापि या दोघांमधील दुरावा पोलिसी पोशाखामुळें आला, असें म्हणणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. पोशाख मागाहून आला. दुरावा बालपणींचा आहे. वृद्ध बापाच्या मनांत कोणाची जागा कोठें, ही त्यांची जुनी स्पर्धा आहे. फ्रान्स्वा भावासाठीं जें जें करतो त्यांत प्रेम आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत एक हिशेबाची वहीहि आहे. मी इतकें केलें, आतां तूं सुधारला पाहिजेस, असें तो तोंडानें म्हणो वा न म्हणो, त्याच्या नजरेंत तें दिसतें. आणि ज्याला ती नजर रोज सोसावी लागते, त्यास उपकाराचें अन्नहि कडू लागतें. काने यांच्या अभिनयांत ही गोष्ट फार बारकाईनें उतरली आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत उधळ्या पुत्राची एक कथा आहे. धन उधळून आलेल्या धाकट्यास बाप मेजवानी देतो, आणि आयुष्यभर शेतांत राबलेला थोरला रुसून घराबाहेर उभा राहतो. कीर्तनकार असो वा धर्मोपदेशक असो, सर्वजण परत आलेल्याविषयींच बोलतात. बाहेर उभ्या राहिलेल्याचें पुढें काय झालें, याची वास्तपुस्त फारशी कोणी करीत नाहीं. भावांचा क्रम उलटा केला, तर हा चित्रपट त्या बाहेर उभ्या राहिलेल्या भावाची कथा आहे, असें आम्हांस वाटतें.

आणि म्हणूनच तो परक्या देशाचा असूनहि आमच्या घरांत येऊन बसला. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत थोरला भाऊ घरच्या जमिनीवर कर्ज काढून परागंदा झाला होता. धाकट्यानें तें कर्ज अकरा वर्षें फेडलें, वडिलांचें अखेरचें दुखणें काढलें, दोन बहिणींचीं लग्नें केलीं. पुढें एका वर्षीं चैत्रांतील कुळधर्माच्या दिवशीं थोरला अचानक दारांत उभा राहिला. आईनें त्याला पानावर बसविलें, आणि थरथरत्या हातानें तुपाची पहिली धार त्याच्या भातावर धरली. धाकटा पंक्तींत वाढीत होता. तो एक अक्षर बोलला नाहीं. हातांतील वरणाचें भांडें खालीं ठेवून तो मागील दारीं गेला, आणि विहिरीवर बराच वेळ हात धूत उभा राहिला. आईचें चुकलें असें कोण म्हणेल? पण त्या दिवशीं दोनच शब्द धाकट्यालाहि मिळते, तर पुढें त्या घराच्या वांटण्या झाल्या त्या इतक्या कडवटपणें झाल्या नसत्या, असें आम्हांस आजहि वाटतें.

आतां कायद्याकडे पाहूं. रक्ताचें नातें व राज्याचा हुकूम यांतील हा पेंच फ्रेंचांनीं फार पूर्वींच ओळखला आहे. नेपोलियनच्या अमदानींत, १८१० सालीं झालेल्या दंडसंहितेनें गुन्हेगारास आसरा देणें हा अपराध ठरविला. परंतु २४८ व्या कलमांत आईबाप, मुलें, नवराबायको व भाऊबहिणी यांस त्यांतून वगळलें. आजच्या फ्रेंच दंडसंहितेच्या ४३४-६ या कलमांतहि सामान्यतः जवळच्या आप्तांस, भावंडांसह, अशी सूट आहे. आपल्याकडे मात्र भारतीय दंडसंहितेच्या २१२ व्या कलमांत ही सूट केवळ पतिपत्नींपुरती होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि २४९ व्या कलमानें तीच मर्यादा कायम ठेविली आहे. एकत्र कुटुंबाचा अभिमान मिरविणाऱ्या आपल्या देशांत भावानें भावास दार उघडलें तर तो अपराधी. आणि ज्यांच्या कुटुंबसंस्थेस आपण विस्कळित म्हणून नाकें मुरडतों, त्या फ्रेंचांनीं तें दार दोनशें वर्षें उघडें ठेविलें आहे! आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनीं यावर अवश्य विचार करावा.

परंतु भाऊच पोलिस असेल तर? फ्रेंच फौजदारी कार्यपद्धतीच्या ४० व्या कलमाप्रमाणें सरकारी अधिकाऱ्यास आपलें काम करीत असतां एखादा गुन्हा कळला, तर त्यानें तो सरकारी वकिलास विलंब न लावतां कळविला पाहिजे. म्हणजे भाऊ म्हणून दार उघडण्याची मुभा आणि फौजदार म्हणून तोंड उघडण्याची सक्ती. एकाच माणसाच्या अंगावर हे दोन अंगरखे एकाच वेळीं बसत नाहींत. फ्रान्स्वाची मजल नोकरी सोडण्यापर्यंत जाते ती यामुळेंच; पण तोंवर उशीर झालेला असतो. चित्रपटांतील थरार आमच्या मतें पाठलागांत व गोळीबारांत तितका नाहीं. तो या उशिरांत आहे.

वाचकांस येथें १९७५ सालच्या ‘दीवार’ या हिंदी चित्रपटाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंहि मुंबईंत एक भाऊ पोलिस आणि दुसरा सोन्याची चोरटी आयात करणारा. पण तेथें दोघांमध्यें आई उभी आहे, आणि ती धर्माचा निवाडा आपल्या तोंडानें करते. थोरला प्राणाहून प्रिय असूनहि ती धाकट्याच्या मागें जाते. पाहणारा रडत रडत कां होईना, निश्चिंत मनानें घरीं जातो. मायो यांच्या चित्रपटांत असा निवाडा करणारें कोणी नाहीं. तेथें मोठमोठीं भाषणें नाहींत, गाणीं तर नाहींतच. दोघे भाऊ एकमेकांशीं बोलतात तेंहि तुटक; खरें काय तें बहुधा न बोललेलेंच राहतें. सलीम-जावेद यांच्या लेखणीची सर त्यास नाहीं, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं; पण आपापल्या घरांतील भांडणें ‘दीवार’सारखीं होतात कीं या चित्रपटासारखीं, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

ही कथा पुढें अमेरिकेंतहि गेली. धाकट्या भावाची भूमिका करणारे काने यांनींच २०१३ सालीं ती इंग्रजींत दिग्दर्शित केली. ल्यॉनच्या जागीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन व काळ १९७४ असा बदल केला. क्लाइव्ह ओवेन व बिली क्रुडप हे तींत भाऊ झाले आहेत, आणि जेम्स कान हे त्यांचे वडील. नटसंच मोठा, पण मूळचा जो पावणेदोन तासांचा आटोपशीरपणा होता तो त्यांत उरला नाहीं. दोहोंतून एकच पाहणें झाल्यास वाचकांनीं फ्रेंच चित्रपटच पाहावा.

दोषहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांच्या मानानें अपुऱ्या आहेत. त्यांचीं दुःखें दिसतात, पण त्यांच्या बाजूनें कथा पाहण्यास दिग्दर्शकास सवड झालेली नाहीं. कांहीं प्रसंग उघड्यावाघड्या व हिंसक स्वरूपाचे आहेत. सबब मुलांना जवळ बसवून पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे. मोठ्यांनीं तो एकत्र पाहावा, आणि पाहून झाल्यावर दिवा मालवण्याची घाई करूं नये.

कारण प्रत्येक मोठ्या घरांत एक गेलेला असतो आणि एक राहिलेला असतो. गेलेला तुरुंगांतच गेलेला असतो असें नाहीं; तो व्यसनांत, कर्जांत किंवा नुसत्या अबोल्यांतहि गेलेला असतो. तो परत आल्यास त्यास पान वाढावें, यांत आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. पण त्याच्याकडून काय अपेक्षा आहे हें पहिल्याच दिवशीं मोकळेपणानें सांगावें, मनांत वही उघडून बसूं नये. आणि जो राहिला, ज्यानें घर सांभाळलें, त्याला तो राहिला आहे म्हणूनच गृहीत धरूं नये. फ्रान्स्वास सबंध चित्रपटांत जी एक गोष्ट हवी आहे असें वाटतें, ती देण्यास घरच्या वडिलांस एक पैहि खर्च आला नसता. आमच्या वाचकांच्या घरीं असा कोणी वरणाचें भांडें घेऊन पंक्तींत उभा असेल, तर त्याला आज रात्रीं जेवतांना आपल्या शेजारीं बसवून घ्यावें, एवढीच आमची विनंती आहे.