पूल होईल तेव्हा होईल, आजच्या बोटीचे काय?

खाडीपलीकडच्या गावी मुलगी द्यायची म्हटली की आपल्या कोकणातल्या घरांतून मुलाच्या पगाराआधी एक प्रश्न विचारला जातो: "शेवटची बोट किती वाजताची?" बाहेरच्या माणसाला याचे हसू येईल. पण रात्री अकराला मुलीला कळा सुरू झाल्या तर तिला कोणत्या वाटेने न्यायचे, याचे उत्तर या प्रश्नातच असते. दुबई-कुवेतहून सुट्टीवर येणारा मुलगा विमानतळावरून निघतो, तेव्हा घड्याळाकडे बघतो तो याच बोटीसाठी. गावात मय्यत झाली की पलीकडचे नातेवाईक दफनाला पोहोचतील की नाही, हेही बोटीवरच ठरते.

वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्यात याच बोटीबद्दल बोलू या.

आगरदांडा आणि दिघी, बागमांडला आणि वेसवी, दाभोळ आणि धोपावे, जयगड आणि तवसाळ. या जोड्यांमधल्या खाड्या आज वाहने नेणाऱ्या फेरीबोटीने ओलांडल्या जातात. त्यापूर्वी होडी, मचवा किंवा लाँच होती आणि गाडी असेल तर लांबचा वळसा होता. दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली. धोपाव्याचा किनारा दाभोळहून डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचे तर चिपळूण गाठून यावे लागते आणि अर्धा दिवस मोडतो. बोटीने हे अंतर काही मिनिटांवर आणले, ही सोय लहान नाही. मासळीवाली, भाजीवाला, शाळेची मुले, दवाखान्याचे रुग्ण, सगळे तिच्यावर चालतात.

मग तक्रार कसली? तक्रार अशी की लोक तिला रस्ता समजून वापरतात आणि कारभार मात्र ती मर्जीची सोय असल्यासारखा चालतो. ओहोटीला पाणी खाली गेले की गाळ साचलेल्या जागी बोट धक्क्याला नीट लागत नाही. पावसाळ्यात वारा सुटला की फेरी बंद. हे निसर्गाचे झाले आणि वादळात बोट बंद ठेवणे योग्यच आहे. पण एसटी येण्याआधी पाच मिनिटे बोट सुटते, हे निसर्गाचे नाही. धक्क्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नसते, उतारावर शेवाळ धरते, रात्री दिवा नसतो. रात्रीच्या रुग्णासाठी कोणाला फोन करायचा, याची पाटीसुद्धा अनेक ठिकाणी दिसत नाही.

आमच्या वर्गात खाडीपलीकडून येणाऱ्या मुली आहेत. बोट चुकली की पहिला तास गेला, दोनदा चुकली की घरात कुजबुज सुरू होते. संध्याकाळी पोर उशिरा घरी येते, तर दहावीनंतर कॉलेज कशाला, असा विचार पुढे येतो. मुलगी हुशार असते, आईबापांचीही शिकवायची इच्छा असते, पण फेरीच्या वेळा शिक्षणाची हद्द ठरवतात. मुलीच्या शाळा सोडण्याचे कारण म्हणून दाखल्यावर कोणी "बोट" असे लिहीत नाही, म्हणून हा प्रश्न सरकारी कागदावर कधी दिसतही नाही.

यावर कायमचा उपाय पूल, असे सगळेच म्हणतात आणि ते खरे आहे. रेवस ते रेड्डी असा किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग आंबेतचे सुपुत्र बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांनी मनात आणला. ते १९८० ते १९८२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. तेव्हा ज्यांनी ही बातमी वाचली, त्यांची नातवंडे आज बोटीच्या रांगेत उभी आहेत. आता सुमारे ५०० किलोमीटरच्या या मार्गाचे काम रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. त्यात रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर मोठे पूल योजले आहेत. ते व्हावेत, लवकर व्हावेत.

पण पुलाच्या वाटेकडे डोळे लावून बोटीकडे पाठ फिरवावी का? याचे उत्तर सावित्री नदीच देते. तिच्यावरची तीन ठिकाणे बघा.

पहिले महाड. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली, कित्येक घरे उजाड झाली. त्यानंतर वर्षही पुरे व्हायच्या आत, २०१७ च्या जूनमध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. मनावर घेतले तर पूल किती वेगाने उभा राहतो, हे तिथे दिसले.

दुसरे त्याच नदीचे मुख, बाणकोटची खाडी. तिथे पुलाचे काम सुरू झाले, पाण्यात खांब उभे राहिले आणि काम रखडले. वर्षानुवर्षे लोक त्या अर्धवट पुलाजवळूनच बोटीने ये-जा करत राहिले. मुखापाशी पात्र रुंद आणि खोल असते, समुद्राचा जोर असतो, खालून बोटी जाव्या लागतात, म्हणून तो पूल महाडपेक्षा अवघड आहे, हे मान्य. तरी अवघड आणि रखडलेले यांत फरक आहे. महामार्गावर राज्याची नजर असते, खाडीकाठच्या गावांवर ती तशी नसते.

तिसरे आंबेत. रायगड आणि रत्नागिरीला जोडणारा तिथला पूल जुना झाला, दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, आणि तेव्हा आंबेत-म्हाप्रळ दरम्यान लोक पार गेले ते फेरीबोटीने. गोव्यातही असेच झाले होते. १९८६ च्या जुलैत पणजीजवळचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा फेरीबोटींवरच शहराची भिस्त होती. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, पुलाला दुरुस्ती लागतेच. म्हणून पूल झाल्यावरही धक्का आणि बोट मोडीत काढू नये. शिवाय पूल गावाच्या वेशीपासून दूरवर बांधला, तर पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या खालाला त्याचा काय उपयोग? तिला धक्क्यावरची बोटच जवळची.

सुरक्षेचा प्रश्न याहून मोठा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण किनाऱ्यावरच्या घरांतून अजून सांगितली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण दगावले. या बोटीत परवानगीपेक्षा जास्त माणसे होती. बोटीत किती जणांना मुभा आहे हे वाचणे, लाइफ जॅकेट मागणे, गर्दी असेल तर पुढच्या फेरीला थांबणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. मुलांना हे घरी शिकवावे.

उरलेले मागून घ्यावे लागेल. गोव्यात सरकारचे नदी परिवहन खाते स्वतः फेरीबोटी चालवते आणि पायी जाणाऱ्याकडून तिकीट घेत नाही. आपल्याकडे फेऱ्या खाजगी चालवल्या जातात आणि परवाना महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड देते. परवाना देणाऱ्याने अटी घालाव्यात, अशी मागणी करता येते: एसटीशी जुळलेले वेळापत्रक, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास, रात्रीच्या रुग्णासाठी तयार बोट आणि धक्क्यावर फोन नंबर, दिवा, स्वच्छतागृह, गाळाचा नियमित उपसा.

आमची विनंती अशी. येत्या ग्रामसभेत खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी एकाच मजकुराचा ठराव करावा. जमातीने आणि शाळांनी महिनाभर एक साधी वही ठेवावी: किती मुले बोटीने आली, किती दिवस उशीर झाला, किती रुग्ण रात्री अडकले. नुसत्या तक्रारीला अधिकारी मान डोलावतात, आकडे मांडले की त्यांना लेखी उत्तर द्यावे लागते. ही वही नववी-दहावीच्या मुलींच्या हाती द्या. बोट चुकते ती त्यांची, आणि हिशोब त्या चोख ठेवतात.