उतारवयाचा मुक्काम

ऑक्टोबर सरत आला की नेदरलँड्समधील हजारो निवृत्त जोडपी दक्षिणेची वाट धरतात. कोणी मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून अख्खा फ्रान्स ओलांडतो, कोणी विमानाने थेट स्पेनमधील आलिकान्तेला उतरतो. बेनिडॉर्म, काल्पे, टोरेव्हिएहा ही भूमध्य समुद्राकाठची गावे, पोर्तुगालचा आल्गार्व्ह प्रांत, कॅनरी बेटे, तुर्कस्तानातील आलान्या ही त्यांची ठरलेली ठिकाणे होत. मार्च-एप्रिलमध्ये मायदेशी ट्यूलिप फुलू लागले की बहुतेक मंडळी परततात. काही मात्र परतत नाहीत. घर विकून, सामान हलवून ती उन्हाच्या देशातच कायमचा मुक्काम करतात. डच भाषेत या प्रघाताला ‘ओव्हरविंटरेन’ असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ हिवाळा काढणे.

या शब्दामागे डचांचा एक इतिहास आहे. पूर्वेकडे जाणारा उत्तरेचा समुद्रमार्ग शोधण्यास निघालेल्या विलेम बारेंट्स आणि त्याच्या सोबत्यांचे जहाज १५९६ मध्ये नोवाया झेम्ल्या बेटाजवळ बर्फात अडकले. जहाजाच्या फळ्या व वाहून आलेली लाकडे यांचे घर उभारून १७ जणांनी तेथे हिवाळा काढला. परतीच्या वाटेवर बारेंट्सचे निधन झाले आणि नोव्हेंबर १५९७ मध्ये केवळ १२ जण ॲमस्टरडॅमला पोहोचले. त्या काळी हिवाळा काढणे म्हणजे जीव जगवणे होते. आज तोच शब्द निवृत्तीनंतरच्या निवांतपणासाठी वापरला जातो. हा बदल घडवला तो वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाने. विलेम ड्रेस या मंत्र्याने १९४७ मध्ये त्याचा तात्पुरता कायदा आणला आणि १९५७ पासून ‘एओडब्ल्यू’ ही कायमची व्यवस्था सुरू झाली. देशात विमाधारक म्हणून राहिलेल्या प्रत्येक वर्षाला दोन टक्के, याप्रमाणे पन्नास वर्षांत पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. नोकरी केली की नाही, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. सध्या हे वेतन ६७ व्या वर्षी सुरू होते.

‘पाश्चात्त्यांची कुटुंबे मोडली, म्हणून बिचारे म्हातारे उन्हाच्या शोधात भटकतात’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होईल. तो आवरलेला बरा. आठवड्यातील एक ठरलेला दिवस नातवंडे सांभाळणारे आजी-आजोबा नेदरलँड्समध्ये सर्रास आढळतात. ॲमस्टरडॅमला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, सांधे आखडतात, घर उबदार ठेवण्याचा खर्च वाढत जातो. अशा वेळी चार महिने उन्हात काढावेत असे सत्तरीच्या माणसाला वाटले, तर त्यात कुटुंबद्रोह तो कोणता? आपल्याकडे पावसाळ्यात एका जागी राहण्याचा चातुर्मास आहे. डचांचा चातुर्मास हिवाळ्यात येतो आणि तो घर सोडून पाळावा लागतो, इतकेच.

प्रश्न खरा आहे तो हिवाळा काढणे आणि कायमचे स्थायिक होणे यांतील अंतराचा. डच कायद्याने ही सीमारेषा स्पष्ट आखली आहे. बारा महिन्यांत आठ महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहणार असाल, तर लोकसंख्येच्या नोंदवहीतून नाव काढून घ्यावे लागते. चार-पाच महिन्यांचा पाहुणा आपला पत्ता, आपला डॉक्टर आणि आपला आरोग्य विमा राखून असतो. नाव काढून घेणाऱ्याचे मात्र चित्र पालटते. स्पेन, पोर्तुगाल, तुर्कस्तान यांसारख्या करारबद्ध देशांत डच निवृत्तिवेतनधारकाला स्थानिक आरोग्यसेवा मिळते. मात्र ती त्या देशाच्या नियमांनी मिळते आणि वर्गणी मायदेशी भरावी लागते. थायलंडसारख्या देशाशी असा आरोग्य करार नाही. पन्नाशी उलटलेल्या परदेशी व्यक्तीने बँकेत आठ लाख बाथ ठेवले किंवा दरमहा ६५ हजार बाथांचे उत्पन्न दाखवले, तर थायलंड वास्तव्याची परवानगी देतो. परंतु उपचारांचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला खासगी विमा कोणत्या दराने मिळतो हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

पैसा मात्र पाठोपाठ जातो. आपल्याकडे निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तसाच दाखला परदेशस्थ डच वृद्धही दरवर्षी पाठवतो आणि त्याचे वेतन त्याच्या खात्यात जमा होत राहते. त्यामुळेच ‘सोय झाली’ असा समज दृढ होतो. वस्तुतः सोय झालेली असते ती धडधाकट वयाची. जोडप्यातील एकजण गेला, पाय अधू झाले, स्मृती ढासळू लागली की निवृत्तिवेतनाच्या आकड्याने न सुटणारे प्रश्न दारात येऊन उभे राहतात. स्पेनने २००६ मध्ये परावलंबी व्यक्तींच्या देखभालीसाठी चांगला कायदा केला. पण त्याचा लाभ घेण्यास पाच वर्षांचे वास्तव्य लागते आणि त्यातील दोन वर्षे अर्जाच्या लगतपूर्वीची असावी लागतात. तेथील रुग्णालयात औषधोपचार उत्तम होतात. पण रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस बसलेले असेल, हे गृहीत धरलेले असते. मुलगी उट्रेक्टला आणि आई आलिकान्तेला, तर उशाशी कोण बसणार? त्यातच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची उशिरा शिकलेली भाषा आधी विसरते. शेवटी त्याच्याजवळ उरते ती मातृभाषा, आणि ती समजणारे माणूस शेजारी नसते.

मग परत जावे म्हटले, तर घर विकलेले असते. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले ते मावळ्यांना लढण्यास उभे करण्यासाठी. लढाईत ते योग्यच होते. उतारवयात मात्र परतीचा दोर कापण्यासारखे अविचाराचे कृत्य नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे स्पेनने आणीबाणीची स्थिती जाहीर केली आणि पाठोपाठ हॉटेले बंद करण्याचा आदेश निघाला. ज्यांचे मायदेशी घर होते, त्यांना निदान गाडी उत्तरेकडे वळवता तरी आली.

यजमान समाजाचीही एक बाजू आहे. २० एप्रिल २०२४ रोजी कॅनरी बेटांवर हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. अमर्याद पर्यटनाने घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. पोर्तुगालने २००९ मध्ये परदेशी रहिवाशांना दिलेली करसवलत २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद केली. आज पायघड्या घालणारा देश उद्या त्या गुंडाळूही शकतो. वर्षानुवर्षे राहूनही गावची भाषा न शिकणाऱ्या, आपल्याच देशबांधवांत वावरणाऱ्या पाहुण्याविषयी गावाला आत्मीयता वाटावी तरी कशी?

विशेष म्हणजे मायदेशातील परिस्थितीही बदलली आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी संसदेसमोरील भाषणात सांगितले की, कल्याणकारी राज्याचे रूपांतर हळूहळू ‘सहभागाच्या समाजा’त होत आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की, वृद्धाने शक्य तितका काळ स्वतःच्या घरी राहावे आणि आप्त-शेजाऱ्यांनी हातभार लावावा. जुन्या पद्धतीचे अनेक वृद्धाश्रम त्यानंतर बंद झाले. ज्या देशात सुमारे ४० टक्के घरांत एकच माणूस राहतो, तेथे शेजाऱ्याचे मोल किती वाढले असेल! आणि ज्याने दहा-पंधरा हिवाळे दूर काढले, त्याचा शेजार तेवढाच विरळ झालेला असतो. शेजार विकत मिळत नाही आणि दुरून राखताही येत नाही. निवृत्तिवेतन सीमा ओलांडून मागे येते. माणसे जागेवरच राहतात. परदेशी ऊन शोधणाऱ्या डच वृद्धाच्या हिशेबात हीच एक नोंद बहुधा राहून जाते.

हे सारे वाचून ‘आपल्याकडे असे नाही’ असा सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. आइंडहोवन आणि आम्स्टलवेन या डच शहरांत आज मराठी तरुण संसार थाटून आहेत. तेथे विमाधारक म्हणून नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यावर वर्षाला तेच दोन टक्के जमा होत आहेत. भारत आणि नेदरलँड्स यांच्यातील सामाजिक सुरक्षा करारही २०११ पासून अमलात आहे. उतारवयात मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न उद्या त्यांच्याही पुढे येईल. त्यांच्या आई-वडिलांपुढे तो आजच उभा आहे. पुणे, नाशिक, सांगलीच्या किती सदनिकांत आज दोनच वृद्ध राहतात! मुलाकडे सहा महिने जाऊन यायचे आणि उरलेले सहा महिने दूरध्वनीची वाट पाहायची, हा आपला ‘हिवाळा काढणे’ प्रकारच नव्हे काय? आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये आपल्याकडे कायदा झाला, त्यानुसार न्यायाधिकरण दरमहा रक्कम ठरवून देऊ शकते. रात्री दोन वाजता हात धरून उठवणारे माणूस कोणताही कायदा देऊ शकत नाही.

डच माणसाचा एक गुण मात्र घेण्यासारखा आहे. तो प्रश्न टाळत नाही. कागद पुढ्यात घेऊन विमा, कर, घर, वेतन यांचा हिशेब मांडतो आणि मुलांशी उघडपणे बोलतो. त्याचा हिशेब अपुरा असेल, पण तो मांडलेला असतो. आपण ‘मुले बघतील’ या दोन शब्दांच्या आधारावर विसंबून विषयच काढत नाही. मुले संकोचाने बोलत नाहीत, आई-वडील अभिमानाने बोलत नाहीत, आणि निर्णय अखेर एखाद्या रुग्णालयाच्या दालनात, घाईने घेतला जातो.

म्हणून या दिवाळीत किंवा मुले सुट्टीला येतील तेव्हा, घराघरांतून हा विषय निघायला हवा. दोघांपैकी एकजण उरला तर तो कोठे राहील? अंथरुणाला खिळल्यास सेवा कोण करील आणि तिचा खर्च कोण देईल? घर विकायचे की राखायचे? ही बोलणी अशुभ नव्हेत. त्यांतून म्हातारपणाची भीती कमीच होते. आणि ज्यांची मुले दूर आहेत, अशा आपल्या वस्तीतील वृद्धांची नावे सामाजिक कार्यकर्त्यांना ठाऊक असली पाहिजेत. आठवड्यातून एकदा त्यांच्या दारी जाऊन अर्धा तास बसणे, ओळखीच्या डॉक्टरचा क्रमांक त्यांच्या भिंतीवर लिहून ठेवणे, एवढे काम कोणत्याही निधीवाचून होण्यासारखे आहे. ऊन आपल्याला बारा महिने फुकट मिळते. उतारवयाला लागणारी माणसे मात्र वेळीच जोडून ठेवावी लागतात, आणि ते काम हातपाय चालत असतानाच करायचे असते.