ॲम्बेसेडर की पद्मिनी?

१/ जुन्या मोटारींचा विषय निघाला की हा वाद हमखास पेटतो. माझा कौल पद्मिनीला. कारणे पाहा.

२/ ॲम्बेसेडरचे मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, घडण बंगालमधील उत्तरपाड्याची. तिचे १४८९ सीसीचे इंजिन दणकट. पण देह जड. खड्डे, कच्चे रस्ते, दाटीवाटीने बसलेले प्रवासी ती निमूट सोसत असे. वळणावर मात्र अंग टाकून झुके, आणि जागच्या जागी चाक फिरवताना चालकाच्या दंडांची परीक्षा होई.

३/ पद्मिनी मूळची इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात घडवली. इंजिन अवघे १०८९ सीसीचे, परंतु अंग हलके. म्हणून गर्दीत चपळ आणि वळणावर आज्ञाधारक. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी तिला उगाच जवळ केले नाही.

४/ तरीही खरा प्रश्न निराळाच आहे. १९५०-६० च्या दशकांतील हे आराखडे १९८० च्या दशकातही का विकले जात होते? परवाना-राज्यात स्पर्धा नाममात्र होती आणि ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि दोघींचेही वय उघडे पडले.

५/ या गाड्यांवर प्रेम जरूर करावे. पण २०१४ पर्यंत ॲम्बेसेडर बनत राहिली, एवढ्यावरून तिला श्रेष्ठ ठरवू नये. टिकणे आणि सरस असणे यांतले अंतर ओळखणे, हीच इतिहासवाचनाची पहिली शिस्त.